कॉलेज आइस हॉकीतल्या पहिल्या वर्षीच्या गुणांवरून एनएचएलमधलं यश ओळखता येतं का?

अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्याच मोसमात भरपूर गुण (प्रत्येक गोलचा एक आणि प्रत्येक असिस्टचा, म्हणजे गोलसाठी दिलेल्या पासचा, एक) घेणारा खेळाडू एनएचएलमध्येही, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्येही, चालेल का, असं तुम्ही विचारलंय. अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो, पण नुसत्या एकूण गुणांवरून नाही. आधी जन्मतारीख बघा. बरेच जण ज्युनियर लीगमध्ये एक-दोन वर्षं काढून विसाव्या-एकविसाव्या वर्षी कॉलेजात येतात. त्या अंगापिंडाने भरलेल्या मुलांसमोर सतराव्या वर्षी सामन्यामागे एक गुण घेणं ही फार मोठी गोष्ट आहे.

2023-24 चा मोसम घ्या. बॉस्टन कॉलेजच्या विल स्मिथचे 41 सामन्यांत 71 गुण, बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या मॅकलिन सेलेब्रिनीचे 38 सामन्यांत 64. शहर एकच, हॉकी ईस्ट ही लीगही एकच. सामन्यामागे 1.73 आणि 1.68, म्हणजे स्मिथ किंचित पुढे. पण सेलेब्रिनी त्याच्यापेक्षा 15 महिन्यांनी लहान, आणि त्याचे गोल 32. स्मिथचे 25, बाकीचे 46 असिस्ट. एका गोलवर दोघांना असिस्ट मिळू शकतो, त्यामुळे जोडीदार तगडे असले की आकडा फुगतो. स्मिथच्या दोन्ही बाजूंना रायन लेनर्ड आणि गेब पेरो होते, दोघांचेही 60-60 गुण! पुढच्या मोसमात सेलेब्रिनी आणि स्मिथ दोघेही एनएचएलमधल्या सॅन होजे शार्क्स संघाकडून खेळले: सेलेब्रिनी 70 सामन्यांत 63 गुण, स्मिथ 74 सामन्यांत 45.

वयानंतर पॉवर प्लेवरचे गुण वेगळे काढा. समोरचा एक खेळाडू बाहेर बसलेला असताना घेतलेले गुण पुढे टिकतीलच असं नाही, कारण एनएचएलमध्ये नवख्याला पहिल्या पॉवर प्ले तुकडीत जागा मिळेलच असं नसतं. मग शॉट मोजा. एनएचएलमध्ये साधारण दहा शॉटमागे एक गोल होतो. पोरगा पाचामागे एक मारत असेल तर पस्तीस-चाळीस सामन्यांत त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. सामन्याला चार-पाच शॉट घेणाऱ्यावर माझा जास्त भरवसा.

बचावपटूंना हा हिशेब लावूच नका. पुढे एनएचएलमधल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक ठरलेल्या केल मकारचे कॉलेजच्या पहिल्या वर्षी 34 सामन्यांत फक्त 21 गुण होते.

आणि एनएचएलमधल्या पहिल्या काही सामन्यांवरून निकाल देऊ नका. काइल कॉनरने 2015-16 मध्ये मिशिगन विद्यापीठाकडून 38 सामन्यांत 71 गुण घेतले. पुढच्या मोसमात एनएचएलमधल्या विनिपेगकडून 20 सामन्यांत जेमतेम 5. त्याला खालच्या एएचएलमध्ये पाठवलं, आणि 2017-18 मध्ये त्यानेच एनएचएलमध्ये 31 गोल मारले.