आधी तारखांचा कागद

प्रिय,

सनद मिळाली आणि कामगार खटल्यांतच प्रॅक्टिस करायचं ठरलं, हे वाचून बरं वाटलं. आता कामाचं लिहितो.

पक्षकार समोर बसला की त्याची कहाणी ऐक, पण हातात कोरा कागद घे. रुजू कधी, आरोपपत्र कधी, निलंबन कधी, बडतर्फीचं पत्र हातात कधी पडलं, एवढंच त्यावर लिही. महाराष्ट्रात १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली तक्रार ९० दिवसांत करावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी पटेल असं कारण द्यावं लागतं. 'साहेब परत घेतो म्हणाले होते' एवढ्यावर भागत नाही. बडतर्फीची तक्रार कामगार न्यायालयात जाते. वर्षानुवर्षं टेंपररी ठेवलं किंवा करार पाळला नाही, तर ती औद्योगिक न्यायालयात. चुकीच्या कोर्टात दाखल केलीस तर महिने फुकट जातात. त्याच कायद्याचं ५९ वं कलम आधी वाच: त्याच बाबीसाठी दुसऱ्या कायद्याखाली कार्यवाही सुरू केली असेल, तर इथली वाट बंद.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू आहेत. सुपरवायझरला 'कामगार' धरायची पगारमर्यादा महिना १०,००० रुपये होती, ती आता १८,००० आहे. म्हणून त्याच कागदावर घटनेच्या तारखेसमोर त्या दिवशी कोणता कायदा चालू होता तेही लिही.

वर्षभरात २४० दिवस काम भरलं की ती सलग नोकरी धरली जाते आणि छाटणीपासून संरक्षण मिळतं. ते दिवस भरल्याचा पुरावा कामगारानेच द्यायचा असतो आणि नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. हजेरीपट कंपनीकडे असतो, तेव्हा तो हजर करण्याचा अर्ज पहिल्या काही तारखांतच दे. दिवस मोजताना भरपगारी सुट्या आणि पगारी रविवार विसरू नकोस. २२५ वर अडकलेली केस तिथेच सुटते. कंत्राटी कामगारांचं मात्र वेगळं. मालक-नोकर नातंच वादात असेल तर या तक्रारीत ते ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सिप्लाच्या प्रकरणात सांगितलं आहे. तिथे घाईने तक्रार टाकणं म्हणजे पक्षकाराची वर्षं जाळणं.

खरी लढाई खाते चौकशीची, म्हणजे आरोपांवर कंपनीने स्वतः घेतलेल्या चौकशीची. चौकशीची रोजनामी पानापानाने वाच. जबाब इंग्रजीत टाइप केलेला आणि खाली कामगाराची मराठी सही, असं पान सापडलं की चौकशी अधिकाऱ्याच्या उलटतपासात शांतपणे एवढंच विचार: हे मराठीत वाचून दाखवलं होतं का, आणि तशी नोंद कुठे आहे? उत्तर आलं की थांब. पुढचा 'का?' विचारलास की साक्षीदाराला सावरायला जागा मिळते; नवे वकील हमखास इथेच घसरतात.

मॅनेजमेंटकडून उभं राहायचं असेल तर कैफियतीतच, म्हणजे तक्रारीला दिलेल्या लेखी उत्तरातच, लिही की चौकशी सदोष ठरली तर आरोप कोर्टात सिद्ध करू. हे वाक्य राहिलं की पुढे ती संधी मागताना नाकीनऊ येतात. एका ओळीचं काम, पण विसरणारे पुष्कळ.

मागच्या पगाराचं, म्हणजे बडतर्फीनंतर बुडालेल्या पगाराचं, सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या दीपाली सुरवसे निकालानंतर, बडतर्फीनंतर आपण कुठेही कमावत नव्हतो हे कामगाराने तक्रारीत किंवा निदान साक्षीत म्हणावं लागतं. ते लिहिण्याआधी त्याच्या मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडायला लाव. दुसऱ्या कंपनीचा भरणा दिसला तर तो तुला आज दिसू दे. समोरचा वकील तो उलटतपासात काढेल, आणि मग पगारच नव्हे, सगळी साक्षच डळमळते. किरकोळ मजुरी केली असेल तर ती सरळ लिही. पोटापुरतं कमावणाऱ्याला कोर्ट खोटारडा मानत नाही.

युनियनच्या जुन्या कार्यकर्त्यांना कलमं तोंडपाठ असतात. त्यांच्याशी कलमांवर वाद घालू नकोस. सेटलमेंटच्या, म्हणजे कंपनी-युनियन करारांच्या, सह्यांच्या मूळ प्रती कुठल्या कपाटात आहेत ते विचार.

तुझा पहिला तारखांचा कागद झाला की पाठव. लाल पेन घेऊन बसतो.

अनेक आशीर्वाद.