क्लीव्हलँड की डेट्रॉइट: एकच संगीत संग्रहालय पाहायचे असेल तर कोणते पाहावे?

अमेरिकेच्या दौऱ्यात एकच दिवस मोकळा असल्यास क्लीव्हलँडचे ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ पाहावे की डेट्रॉइटचे मोटाउन संग्रहालय, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर डेट्रॉइट असे आहे, कारण मी वीस वर्षे ऑर्केस्ट्रात बेस गिटार, म्हणजे गाण्याला खालच्या सुरांची साथ देणारी गिटार, वाजवली आहे.

बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि एका साध्या दुमजली घरात स्टुडिओ थाटला. तेच घर आज संग्रहालय आहे. तिथे मी थोरल्या भावासोबत गेलो होतो. गाणे गायकाचे असते, साथीदार बदलला तरी ऐकणाऱ्याला कळत नाही, हे त्याचे मत मी तरुणपणापासून ऐकत आलो आहे. त्या घरात चॉकलेटचे एक यंत्र आहे. मोटाउनचे अंध गायक स्टीव्ही वंडर यांना हाताने चाचपून सापडावे म्हणून त्यांचे आवडते चॉकलेट त्यात नेहमी ठरलेल्या खणात ठेवले जाई. ही काळजी मला मनापासून आवडली. पण ज्यांनी तळघरासारख्या त्या स्टुडिओत रात्रंदिवस वाजवले, त्या वादकांची नावे रेकॉर्डच्या वेष्टनावर येण्यासाठी १९७१ साल उजाडावे लागले. त्यांच्यातले बेसवादक जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने बेस वाजवत, हेसुद्धा ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

स्टुडिओत मार्गदर्शकाने सर्वांना ‘टेम्पटेशन्स’ या मोटाउनच्या गायकवृंदाचे एक गाणे म्हणायला लावले. त्याची सुरुवात नुसत्या बेसने होते. शब्द सुरू होण्याआधी माझ्या भावाच्या तोंडून नकळत तेच बेसचे सूर आले. मी ते त्याला तिथल्या तिथे दाखवून दिले. त्याने आजवर ते मान्य केलेले नाही.

क्लीव्हलँडवर अन्याय नको. आय. एम. पेई यांनी रचलेली, १९९५ मध्ये खुली झालेली ती सरोवराकाठची इमारत दिवसभर पुरते, लहान मुले सोबत असतील तर तीच बरी, आणि २००० मध्ये तिथे साथीदारांचा वेगळा सन्मान सुरू झाला तेव्हा पहिल्याच तुकडीत जेमर्सन होते. डेट्रॉइटला मात्र मार्गदर्शकासोबतच फिरता येते, म्हणून तिकीट आधी काढावे.

जाण्यापूर्वी ती गाणी चांगल्या हेडफोनवर ऐका. लहान स्पीकरमधून बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि माझ्या भावाने सारी गाणी ट्रान्झिस्टरवर ऐकली आहेत.