वानवळ्याचे पैसे

इंग्लंडमधल्या रीडिंगहून आलेलं पत्र चार पानी आहे. त्यात मुलाचं मराठी आहे, कोल्हापुरात राजारामपुरीतला बंद फ्लॅट आहे, सासूबाईंचा व्हिसा आहे. पण मी तिसऱ्या पानावर अडकले ती अडकलेच. बाई लिहितात:

"वहिनी दरवर्षी उन्हाळ्यात चटणी करून पाठवते. कुणाचं काही ठेवायचं नाही हा माझा स्वभाव. पार्सल मिळालं की त्याच रात्री हिशेब करून, वर पाचशे जास्त घालून पैसे पाठवते. फेब्रुवारीत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वहिनीने सगळं केलं. दुसऱ्याच दिवशी मी तिच्या खात्यात दहा हजार टाकले. उत्तर आलं, 'पोचले.' यंदा चटणी नाही, फोनही नाही. माझं काय चुकलं?"

बाई, 'त्याच रात्री' चुकलं.

चटणी कशी होते ते विसरलात का? मिरच्या गच्चीवर वाळवायच्या, देठं खुडायची, मग रात्रभर हातांची आग. खोबरं, तीळ, धणे भाजायचे, लसूण सोलायचा आणि एप्रिलच्या उन्हात मिरची कुटायच्या डंकावर नंबर लावून बसायचं. तुम्ही मिरचीचा भाव धरलात, कुरिअरचं बिल धरलंत. हातांची आग त्या पाचशेत बसवलीत काय?

कोल्हापूरच्याच शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी दोन शब्द होते, उसनं आणि वानवळा. वाटीभर साखर उसनी आणली तर तेवढीच साखर, त्याच वाटीत, दोन दिवसांत परत. विसरलं तर पाठीत धपाटा. पण शेजारच्या काकूंच्या शेतावरून ओल्या शेंगा नाहीतर नव्या गुळाचा खडा आला, तर तो वानवळा. काकूंचं भांडं आमच्या ओट्यावर आठवडाभर खुशाल बसायचं. एकदा मी शहाणपणा करून त्याच संध्याकाळी त्यात साखर भरून देऊन आले. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "लगेच फेडायला ते काय उसनं होतं व्हय गं?" काकू पुढे पंधरा दिवस आमच्या दारात उभ्या राहिल्या नाहीत.

वानवळ्याला तुम्ही उसन्याचा हिशेब लावलात, एवढंच झालंय.

हे आईचंच ज्ञान आहे असं नाही. घेतलं की परत द्यावंसं वाटतं, हे खरंच. डेनिस रीगन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. न मागता कोकाकोलाची बाटली आणून देणाऱ्या माणसाकडून लोकांनी नंतर जवळजवळ दुप्पट लॉटरीची तिकिटं घेतली. तो माणूस आवडो, न आवडो. तेव्हा तुमचा हात त्या रात्री मोबाइलकडे गेला, यात नवल नाही. पण पुढे १९७९ मध्ये मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स यांनी दाखवलं की मदतीची लगेच परतफेड झाली की दोन वेगळे परिणाम होतात. व्यवहाराचं नातं असेल तर समोरचा माणूस जास्त आवडतो. जिथे जवळीक व्हावी अशी आशा असते, तिथे मात्र परतफेड करणारा कमी आवडतो. पैसे मिळाले की वहिनी काय वाचतात? 'तुझं-माझं मिटलं.'

मी कॅनडात, मिसिसागात असताना हेच केलंय, म्हणून इतक्या अधिकाराने बोलते. धाकटीच्या वेळी एका मैत्रिणीने थोरलीला आठ दिवस आपल्या घरी ठेवून घेतलं. बाहेर गुडघाभर बर्फ, तिची स्वतःची दोन पोरं. मी दवाखान्यातून घरी आले आणि पहिलं काम काय केलं, तर तिला शंभर डॉलरचं गिफ्ट कार्ड धाडलं. आमचे हे म्हणत होते, थोडी थांब. मी कसली थांबते! तिने कार्ड ठेवून घेतलं आणि दोन वर्षं माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलली. शेवटी एका गणपतीत म्हणाली, "तू मला पोरं सांभाळणारी बाई केलीस." अजून आठवलं की कान गरम होतात.

हिशेब वाईट असं मी म्हणत नाही हं. मामांच्या गावात ऊसलागणीला पैरा चालायचा, म्हणजे आज तुम्ही आमच्या रानात राबा, उद्या आम्ही तुमच्या. तिथे दिवसाला दिवस मोजूनच द्यायचा, नाहीतर भांडणं. आमच्या बाबांची तर आहेराची वहीच होती. अमक्याचे अकरा रुपये, तमक्याचा ब्लाउजपीस, सगळं लिहिलेलं. पण फेड कधी? त्यांच्या घरी कार्य निघेल तेव्हा. त्याला दहा वर्षंही लागायची, आणि तेवढी वर्षं दोन्ही घरं एकमेकांची वाट बघायची. फेडायची वेळ घेणाऱ्याच्या सोयीने ठरत नसे.

आणि तुमचा हिशेब बरोबर आहे असं तरी कशावरून? रॉस आणि सिकोली या दोघांनी, तेही १९७९ मध्येच, नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं की घरच्या कामांत तुमचा वाटा किती. बहुतेक जोडप्यांत दोघांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. आपण केलेलं आपल्याला चटकन आठवतं. हे एका छपराखाली राहणाऱ्यांचं! तुम्हाला तर बँकेचा मेसेज दिसतो, घड्याळ बघून आईच्या डोळ्यात थेंब घालणारी वहिनी दिसत नाही.

आईच्या औषधपाण्याचे पैसे बंद करू नका, तो तुमचाही खर्च आहे. ते दादाकडे पाठवा. वहिनींच्या खात्यात मेहनताना टाकल्यासारखे नकोत. आता माफी म्हणून साडीही पाठवू नका, कृपा करा. फोन करा आणि काहीतरी मागा. "वहिनी, यंदा चटणीशिवाय घास उतरत नाही," म्हणा. त्या आधी तणतणतील. "मी काय दुकान घातलोय व्हय?" म्हणतील. (आपल्या कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, हे तुम्हाला काय सांगायचं.) ऐकून घ्या. मध्येच रकमा सांगू नका.

आणि चौथ्या पानाच्या तळाशी तुम्ही जाता जाता लिहिलंय, वहिनींच्या आईचं जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन आहे, गडहिंग्लजला. अहो, हे तळाशी लिहायचं असतं का? यंदाची सुट्टी डिसेंबरची काढून जूनमध्ये घ्या. तीन आठवडे आईजवळ तुम्ही राहा, म्हणजे वहिनींना निर्धास्तपणे माहेरी जाता येईल. स्वयंपाकघराच्या किल्ल्या मागून घ्या. पहिल्या दिवशी औषधाची वेळ चुकेल, आई कुरकुरेल, चालायचंच.

बाकीचं पटकन. मुलगा इंग्रजीत उत्तर देतो तर देऊ दे, तुम्ही मराठी सोडू नका. आमच्या थोरलीने सतराव्या वर्षी पहिलं सरळ वाक्य बोललं, तेही रश्शासाठी. फ्लॅट भाड्याने द्या, बंद घराला पावसात ओल धरते. व्हिसाचं वकिलाला विचारा, मला नको.

आणि ते तीन स्टीलचे डबे. 'वहिनीचेच आहेत, अजून माझ्या कपाटात पडलेत,' असं तुम्हीच लिहिलंय. जूनमध्ये बॅगेत तेवढी जागा ठेवा. रिकामे आणू नका.