गेइशा म्हणजे गणिका का?

गेइशा म्हणजे जुन्या जपानमधल्या गणिकाच का, आणि नसतील तर त्या नेमकं करतात काय, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

गणिका नव्हेत. एदो काळात (1603 ते 1868) एदो, म्हणजे आजच्या तोक्योतल्या योशिवारासारख्या, वेश्याव्यवसायाचा सरकारी परवाना असलेल्या वस्त्यांत दोघीही असत, गल्लत तिथली आहे. 1779 साली तिथे गेइशांची नोंदणी करणारी कचेरी सुरू झाली, ती मुख्यतः त्यांनी गणिकांची गिऱ्हाइकं ओढू नयेत म्हणून. वेशही वेगळा. ओइरान ही वरच्या दर्जाची गणिका ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, पुढे बांधायची. गेइशा मागे बांधतात. शिवाय सुरुवातीचे गेइशा पुरुष होते! स्त्रिया या पेशात आल्या अठराव्या शतकाच्या मध्यावर.

त्यांचं काम बैठक रंगवण्याचं: गाणं, नृत्य, शामिसेन हे तीन तारांचं वाद्य आणि पाहुण्यांशी गप्पा. क्योटोत त्यांना गेइको म्हणतात, शिकाऊ मुलीला माइको. माइको पंधरा-सोळाव्या वर्षी ओकियात, म्हणजे गेइशांच्या निवासघरात, राहायला जाते, तिथल्या मालकिणीला आई म्हणते आणि साधारण पाच वर्षं शिकते. तिच्या किमोनोपासून शिकवणीपर्यंतचा खर्च ओकिया करते आणि तो तिच्या कमाईतून वळता होतो. बैठक भरते ओचायात, म्हणजे चहाघरात. तिथे जुन्या गिऱ्हाइकाच्या ओळखीशिवाय प्रवेश नसतो. हा निव्वळ तोरा नाही. त्या रात्रीचं जेवण, गाडी सगळं ओचाया आधी स्वतः भागवतं, बिल मागाहून पाठवतं. अनोळखी माणसावर एवढा भरवसा कोण ठेवणार? पूर्वी गेइशेचा वेळ किती उदबत्त्या जळल्या त्यावरून मोजत, हा तपशील मला फार आवडतो.

पण याचं नुसतं कौतुक करणं मला पटत नाही. गरीब घरच्या मुली पैसे घेऊन ओकियात दिल्या जात आणि ते कर्ज फेडण्यात त्यांची उमेदीची वर्षं जात. दान्ना म्हणजे खर्च उचलणारा आश्रयदाता. त्या नात्यात मुलीच्या मर्जीला कितीसं स्थान असे? आज मुली स्वतःहून येतात. तरीही 2022 मध्ये एका माजी माइकोनं अल्पवयात दारू प्यायला लावल्याचं आणि लैंगिक छळाचं जाहीरपणे सांगितलं, तेव्हा जपानमध्ये बरीच खळबळ उडाली.

ओचायात ओळख नसली तरी त्यांची कला पाहता येते. राजधानी तोक्योला गेल्यावर क्योटोला उभारी यावी म्हणून 1872 साली तिथल्या गिओन या गेइशांच्या वस्तीत मियाको ओदोरी हा नृत्यमहोत्सव सुरू झाला. तो एप्रिलमध्ये असतो, तिकीट काढून कुणीही जावं. रस्त्यात मात्र फोटोसाठी त्यांच्या मागे धावू नका. त्या कामावर निघालेल्या असतात, आणि या त्रासापायीच 2024 मध्ये गिओनच्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या.