दारव्ह्याहून विनिपेगला येणाऱ्या भावासाठी, पायांबद्दल

भाऊ, तू विचारलं की जानेवारीत कॅनडात विनिपेगला कॉलेज सुरू होऊन राहिलं, तर बूट नागपूरहून आणू का तिकडेच घेऊ, मोजे किती जोड लागतील, आणि तळपाय सपाट आहेत, जास्त वेळ उभं राहिलं की दुखतात आणि मुंग्या येतात त्याचं काय करू. मी दिग्रसकडची, इथे हा माझा नववा हिवाळा, वेअरहाऊसमध्ये रात्रपाळ्या केल्या, बसस्टॉपवर तासन्‌तास उभी राहिले, म्हणून सविस्तर लिहिते, कंटाळू नको, पूर्ण वाच.

सगळ्यात आधी मोजे. आपण कापसाच्या मुलखातले, घरी बनियनपासून गादीपर्यंत सगळं कापसाचं, त्यामुळे कॉटन म्हणजे चांगलं हेच डोक्यात बसलेलं असतं. इथे पायात कॉटन नको. थंडीतही बुटात पायाला घाम येतोच, कॉटन तो पिऊन घेतं आणि ओलंच राहतं, आणि ओला मोजा पायाची ऊब ओढून घेतो. लोकरीचं तसं नाही. आपल्याकडे धनगर भर पावसात घोंगडं डोक्यावर घेऊन मेंढ्यांमागे उभा राहतो, घोंगडं भिजतं पण आत ऊब राहते ना, तेच काम मोज्यातली लोकर करते. मेरिनो लोकर मिळाली तर उत्तम, ती टोचत नाही. नागपुरात हिवाळ्यात स्वेटरची दुकानं लागतात तिथले जाड मोजे दिसायला लोकरीचे वाटतात पण पुष्कळदा अ‍ॅक्रेलिक, म्हणजे कृत्रिम धागा असतो, लेबल वाचल्याशिवाय घेऊ नको. खात्रीची लोकर मिळाली तर दोन जोड आण, बाकीचे इथे घे.

आता माझं काय झालं ते सांगते. पहिल्या हिवाळ्यात मी गावाकडून आणलेल्या स्पोर्ट शूजमध्ये कॉटनचे तीन मोजे एकावर एक घालून निघाले, वाटलं तीन आहेत म्हणजे झालंच. उणे 30 होतं, बस आली नाही, पंचवीस मिनिटं उभी. आधी बोटं ठणकली, मग ठणकणं थांबलं आणि मला वाटलं सवय झाली. ती सवय नव्हती भाऊ. घरी येऊन मोजा काढला तर अंगठ्याशेजारचं बोट मेणबत्तीसारखं पांढरं, दाबलं तर लाकूड दाबल्यासारखं. मी घाबरून सरळ गरम नळाखाली पाय धरला, बधिर बोटाला पाणी किती कढत आहे ते कळलंच नाही आणि वर फोड आले. नंतर क्लिनिकमध्ये नर्सने समजावलं की चोळायचं नाही, शेकायचं नाही, 37 ते 39 अंशाचं कोमट पाणी, म्हणजे चांगल्या हाताच्या कोपराला सुखावेल एवढंच, आणि पुन्हा गारठण्याची शक्यता असेल तर तोवर गरमच करायचं नाही, आधी पक्क्या आडोशाला जायचं. ते बोट आजही सगळ्यात आधी गार पडतं. रंग उडाला किंवा बोटाला जाण नाही असं वाटलं की त्या क्षणी आत जा, कुठल्याही दुकानात शीर, कोणी काही म्हणत नाही. इथे हवामान खातं वाऱ्यासकट जाणवणारी थंडी सांगतं, ती उणे 28 च्या खाली गेली की उघड्या कातडीला 10 ते 30 मिनिटांत इजा होऊ शकते, रोज निघताना तो आकडा बघत जा.

तीन मोज्यांत दुसरी चूक म्हणजे बूट गच्च झाला. गच्च बुटात रक्त फिरत नाही आणि ऊब धरून ठेवणारी हवाही राहत नाही. बोटं आत वरखाली हलली पाहिजेत. म्हणून एक जाड लोकरीचा मोजा, फार तर आत एक पातळ, आणि बूट तोच मोजा घालून संध्याकाळी बघायचा कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो.

बूट इथेच घे. नागपुरात ट्रेकिंगचे मिळतात पण ते या थंडीसाठी केलेले नसतात. इथे नंबर अमेरिकन चालतो, तुझा आपल्याकडचा 8 म्हणजे इथला साधारण 9, आणि हिवाळी बूट त्याहून अर्धा नंबर मोठा बघ. आपण लहानपणापासून अनवाणी नाहीतर चपलेत वावरलेलो, पंजा पसरट असतो, म्हणून वाइड रुंदीचा माग, लाजू नको. खाली रबर, वर चामडं, आणि आतलं फेल्टचं, म्हणजे नमद्यासारखं जाड अस्तर बाहेर निघणारं असलं तर फार बरं. कामिक, बॅफिन या कॅनडातल्याच बुटांच्या कंपन्या आहेत. खोक्यावर उणे 40 लिहिलेलं असतं, ते कंपनीचं स्वतःचं माप असतं, चालणाऱ्या माणसाला पुरेल ते बसस्टॉपवर उभ्या माणसाला पुरत नाही. थंडी खालून जमिनीतून वर चढते म्हणून तळ जाड पाहिजे.

तुझे तळपाय सपाट आहेत ना, तर लक्ष दे, बहुतेक हिवाळी बुटांतला इनसोल, म्हणजे पायाखालचा आतला तळ, नुसता सपाट फेल्टचा तुकडा असतो, कमानीला आधार काहीच नाही, वरून बूट जड. वेगळा कडक इनसोल घे, टाच वाटीत बसल्यासारखी बसते तसा, आणि तो सोबत दुकानात नेऊनच बूट घालून बघ, नाहीतर घरी टाकल्यावर बूट गच्च होतो. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाच दुखली तर अंगावर काढू नको, पोटऱ्या ताणायचा व्यायाम रोज कर. आणि मुंग्यांचं मनावर घे, निघण्याआधी यवतमाळला शुगर आणि बी-12 तपासून घे, इथे आल्यावर डॉक्टर मिळवायला वेळ जातो. खर्रा खात असशील तर मोठी बहीण म्हणून सांगते, सोड. तंबाखूने रक्तवाहिन्या आखडतात, आधी हातापायाच्या बोटांचं रक्त कमी होतं. अंग गारठलं की शरीर पोटाछातीसाठी रक्त राखून ठेवतं आणि पाय उपाशी राहतात, म्हणून कानटोपी आणि पॅन्टच्या आत थर्मल घातलं की पायसुद्धा गरम राहतात.

वेअरहाऊसमध्ये काम धरलंस तर हिरव्या त्रिकोणाची सीएसए खूण (कॅनडातल्या मानक संस्थेची) असलेले सेफ्टी बूट मागतात, त्यात बोटांवरचं कवच स्टीलचं नको, कंपोझिट म्हणजे बिनधातूचं घे, स्टील फार गार पडतं.

बर्फावर घसरणं वेगळंच. टोरँटोच्या एका पुनर्वसन संस्थेतले लोक खऱ्या बर्फाच्या उतारावर बूट तपासून त्यांना हिमकणांच्या खुणा देतात, रेट माय ट्रेड्स (Rate My Treads) नावाने शोध, घेण्याआधी बघून घे. चालताना पाऊल छोटं, पूर्ण तळवा टेकवून, हात खिशाबाहेर. मार्चमध्ये दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठतं तेव्हा सगळ्यात जपून.

रोज रात्री अस्तर बाहेर काढून वाळव, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब, हीटरवर ठेवू नको, गोंद सुटतो. रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग पाण्यात व्हिनेगर टाकून पुस. हीटरने घरातली हवा इतकी कोरडी होते की टाचांना भेगा पडतात, युरियावालं क्रीम लाव पण बोटांच्या बेचक्यात नाही.

आणि गार पाय लगेच हीटरला लावू नको. बाबा डिसेंबरात रात्रीच्या लाईनवर गव्हाला पाणी द्यायचे, चिखलातून येऊन तुराट्यांच्या शेकोटीला पाय लावायचे, मग बोटं लाल होऊन सुजायची आणि रात्रभर खाजवायची. तेव्हा आम्हाला कारण ठाऊक नव्हतं. हळूहळू गरम कर.

तू उतरशील त्या दिवशी पायात बूट पाहिजेत, कारण जानेवारीत इथे रात्री सरासरीच उणे 20 च्या आसपास असते. म्हणून असं कर, आज संध्याकाळी जाड मोजा घालून कोऱ्या कागदावर उभा राहा, भार दोन्ही पायांवर ठेव, आईला पेन्सिलने भोवती रेघ ओढू दे, लांबी रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजून दोन्ही पायांचं मला पाठव. दोन पाय सारखे नसतात, मोठ्याचं माप धरून मी दुकानात बघून ठेवते, आवडले नाहीत तर परत करता येतील असे.