14 लाख देऊ नकाच, आणि 3 लाखांचा हप्ताही थांबवा

बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या 57 वर्षांच्या एका वाचकांचं पत्र आहे. मुलीने इंग्लंडमध्ये एमएस्सी केलं. आता ती ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षणानंतर काही काळ काम करू देणारा व्हिसा) तिथल्या एका दुकानात काम करते. व्हिसा जानेवारीत संपतो. नागपुरातला एक एजंट 14 लाखांत ‘स्पॉन्सरशिप’, म्हणजे नोकरीच्या व्हिसासाठी लागणारा तिथल्या कंपनीचा दाखला, मिळवून देतो म्हणतो. पैसे पीएफमधून काढू की मनीषनगरच्या फ्लॅटवर टॉप-अप (वाढीव कर्ज) घेऊ, असं त्यांनी विचारलंय.

दोन्ही नको. एक रुपयाही देऊ नका. स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट कंपनी देते आणि त्याची फी कंपनीनेच भरायची असते. ती कर्मचाऱ्याकडून वसूल करायला तिथे बंदी आहे. 22 जुलै 2025 पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी (हाच तो नोकरीचा व्हिसा) काम पदवीच्या दर्जाचं लागतं. पगाराची अट वर्षाला 41,700 पौंडांची आहे, ग्रॅज्युएट व्हिसावरून येणाऱ्यांना सवलतीत 33,400. मुलीला आज 25,000 मिळतात, तेही दुकानातल्या कामाचे. एजंट ही दरी कागदावर बुजवणार. ते उघडकीला आलं तर 10 वर्षं त्या देशाचं दार बंद होऊ शकतं. परवानाधारक कंपन्यांची यादी तिथल्या सरकारने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. तिने त्यातून अर्ज करावेत, आणि जमलं नाही तर परत यावं. परत येण्यात कमीपणा नाही, नागपुरात मिहानमध्येही कंपन्या आहेत.

मला झोप लागू दिली नाही ती तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीने: “कर्जाची काळजी नाही, बँकेने तेव्हाच पॉलिसी काढून दिली होती.”

काळजी त्या पॉलिसीचीच आहे. जुलै 2023 मध्ये मुलीच्या शिक्षणासाठी फ्लॅटवर 32 लाखांचं कर्ज, साडेदहा टक्क्यांनी. सोबत पॉलिसीचा वर्षाला 3 लाखांचा हप्ता, 10 वर्षं. 2043 मध्ये 60 लाख मिळणार. म्हणजे परतावा साडेचार टक्के. साडेदहाने उसने घेऊन साडेचाराने ठेवायचे, हा हिशेब कोणी तुमच्यापुढे मांडलाच नाही. आणि कर्ज संपतं 2035 मध्ये! त्यानंतर आठ वर्षांनी येणारा पैसा ते कसं फेडणार?

पहिल्या दोन वर्षांत ईएमआय नव्हता, तेव्हा तुम्ही 6 लाख पॉलिसीत भरले. त्याच दोन वर्षांत कर्जावर 6 लाखांच्या आसपास व्याज चढलं आणि 32 चे 38 लाख झाले. तेच पैसे व्याजात भरले असते तर कर्ज 32 वरच राहिलं असतं. ‘पॉलिसी घेतली तरच कर्ज मंजूर’ असं सांगणाऱ्या माणसाचा मला राग येतो. त्याने तुमच्या मुलीच्या शिक्षणाची घाई वापरून घेतली.

आजचा हिशेब असा. हातात पगार 95,000. ईएमआय 51,000, हप्ता महिन्याला 25,000. उरतात 19,000. येत्या मार्चात तुम्ही निवृत्त होता, पेन्शन 7,000 च्या आसपास. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 46 लाख, तेव्हा कर्ज बाकी सुमारे 34 लाख. एजंटला 14 दिलेत तर हातात 32 राहतील, म्हणजे सगळे घालूनही फ्लॅट सुटणार नाही.

म्हणून चौथा हप्ता भरू नका. विमा कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी आज मोडली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप रक्कम (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी मिळणारे पैसे) दोन्ही लेखी मागा. पेड-अप केली तर 2043 मध्ये साधारण 18 लाख हाती येतील. सरेंडरचे साडेचार लाखांच्या वर मिळत असतील तर ते घ्या आणि त्याच दिवशी कर्जात भरा. त्याहून कमी असतील तर पेड-अप. तोटा दोन्हीकडे आहे, पण वाढणार नाही. पॉलिसी विकणारा पुन्हा येईल, म्हणेल आतापर्यंतचे 9 लाख बुडतील. त्याला घरात घेऊ नका.

हप्त्याचे महिन्याचे 25,000 जुलैपासून कर्जात जाऊ द्या. मुलीला हे सगळे आकडे सांगा, तिला अजून माहीत नाहीत असं पत्रावरून दिसतं. कर्ज तिच्याही नावावर आहे. ती महिन्याला 200 पौंड पाठवू शकेल का, हे या रविवारी फोनवर तिलाच विचारा. आणि तिच्या नावाचा साधा टर्म इन्शुरन्स (बचत नसलेला, फक्त जोखमीचा विमा) घ्या, कारण पुढे हे कर्ज तिच्याच कमाईतून फिटायचं आहे.