व्हिटॅमिन बी१२ साठी त्याच्या दोन रूपांपैकी मिथाइलकोबालामिन घ्यावं की सायनोकोबालामिन?

बेळगावच्या औषध दुकानांत सायनोकोबालामिन मागितलं तरी मिथाइलकोबालामिनचीच पट्टी पुढे करतात? खुशाल तीच घ्या, सायनोकोबालामिन मिळालं नाही म्हणून काही बिघडत नाही. पेशीत गेल्यावर शरीर दोन्हींचा मिथाइल किंवा सायनो हा भाग काढून टाकतं आणि हवी ती रूपं स्वतः तयार करतं. सायनो जास्त टिकाऊ आणि स्वस्त. मिथाइल उजेडाने खराब होतं, म्हणून गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरू नका. नावातल्या सायनाइडलाही घाबरू नका, 1000 मायक्रोग्रॅमच्या गोळीत ते जेमतेम 20 मायक्रोग्रॅम असतं.

खरा फरक मात्रेने पडतो. जठरातलं प्रथिन एका वेळी दीडदोन मायक्रोग्रॅमच आत नेतं, उरलेल्यातलं साधारण 1 टक्का आपोआप झिरपतं. म्हणून निपाणी-चिकोडीकडच्या कडक शाकाहारी घरात किंवा मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असताना कमतरता निघाली, तर 1000 मायक्रोग्रॅमची रोजची गोळी सहसा पुरते. पट्टीची मागची बाजू मात्र वाचाच: बऱ्याच गोळ्यांत सोबत प्रिगॅबालिन हे नसांच्या दुखण्याचं औषध असतं, त्याने गुंगी येते आणि कमतरता भरून काढायला त्याचा काही उपयोग नाही. नुसतं फॉलिक अॅसिडही नको. हिमोग्लोबिन सुधारतं, नसांची हानी मात्र चालूच राहते.

पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं किंवा जठराची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर गोळीवर न थांबता डॉक्टरांकडून इंजेक्शन सुरू करून घ्या.